पुढची ओळ

शेजारच्या टीनाच्या नवऱ्याने घेतलेली जुनी गाडी मागे घेताना एक गाणं वाजवायची. गाणं कसलं, चारपाच सूर, पुन्हा पुन्हा तेच. जव्हारच्या त्या बोळात गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती रोज सकाळी मागेमागेच रस्त्यापर्यंत जायची आणि घरात शिलाई मशीनवर बसलेल्या प्रमिलाला ते सूर घासात खडा लागावा तसे लागायचे. त्या सकाळी ती कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती. आई खिडकीखालच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाडी मागे जायला लागली, सूर सुरू झाले. गाडी रस्त्याला लागली, निघून गेली. सूर राहिले. प्रमिलाचा पाय पायट्यावर तसाच थांबला. सूर खोलीतच होते, खालच्या पट्टीतले, घोगरे, पण तंतोतंत तेच. तिने मान वळवून पाहिलं तेव्हा आईचे ओठ मिटलेले होते आणि गळ्याची सैल कातडी हलत होती.

तिला आनंद झाला नाही. पहिल्यांदा भीतीच वाटली. थंडीत आईला लकवा झाला, उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून एकच अक्षर निघत होतं, ता. भूक लागली तरी ता, दुखलं तरी ता, राग आला तर ता ता ता ता, आणि मग आपल्याच तोंडाची लाज वाटल्यासारखी ती मान फिरवायची. मग तेही तिने सोडलं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘आजींना समजतं सगळं, पण शब्द बाहेर आणायची वाट बंद झाली आहे.’ प्रमिलाने त्या वाटेवर माती टाकली होती. पोशेऱ्याच्या सगळ्या पाड्यांत जिला हिरी धवलेरी म्हणून ओळखत, जिच्या गाण्यावाचून लग्न लागलं असं कुणी धरत नसे, तिचा आवाज मेला असं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्या पक्केपणात थोडी सुटकाही होती. मेलेल्याची वाट बघावी लागत नाही. आता तो आवाज भिंतीकडे तोंड करून, गाडीच्या भिकार सुरावर चालत परत आला होता.

लहानपणी गाणं तिच्याकडे कानांतून कधी आलंच नव्हतं. ते आईच्या पाठीतून यायचं. लग्नाच्या मांडवात, भिंतीवर लिहिलेल्या लग्नचौकासमोर आई बसलेली असायची, तिच्या मागे धाकली धवलेरी, आणि आईच्या पाठीला गाल टेकून प्रमिला अर्धवट झोपेत. आई ओळ टाकायची तेव्हा आधी पाठ भरायची, मग गालाखाली एक बारीक थरथर सुरू व्हायची, दातांपर्यंत जायची, आणि शब्द नंतर ऐकू यायचे, कुठून तरी लांबून. धवलेऱ्या दोघी लागतात. पुढची ओळ टाकते, मागची त्या ओळीचं शेपूट धरून ओढते, आणि ती ओढत असेपर्यंत पुढची श्वास घेते. धाकली शेजारच्या घरातली, आईपेक्षा वयाने बरीच लहान, जन्मभर तिच्या मागे बसलेली. आईची ओळ संपायची आणि धाकलीची सुरू व्हायची त्याच्या मधे एक जागा होती. त्या जागेत कुणाचाच आवाज नसायचा. प्रमिलाला झोपेतसुद्धा ती जागा कळायची. तिथे पोटात खड्डा पडायचा, पायरी चुकावी तसा, आणि मग धाकलीचा आवाज खालून येऊन झेलायचा.

पुढे आश्रमशाळा आली. तिथे प्रार्थना होती, रांगेत उभं राहून म्हणायची, त्या प्रार्थनेने पोटात काहीच हललं नाही. ती शिवण शिकली, जव्हारला आली, रमेशशी तिचं जुळलं. रमेश जव्हारचाच, जीप चालवणारा, दुसऱ्या जातीतला. लग्न हॉलमध्ये झालं, भटजी त्यांचा, बँड त्यांचा. त्या बँडने छातीची हाडं हलत होती, पोरं नाचत होती, तिलाही नाचावंसं वाटत होतं आणि नाचली नाही, कारण मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती, हात मांडीवर, तोंड मिटून. निघताना आई तिच्या गालाला हात लावून म्हणाली, ‘बाय, तुझं लगीन बघितलं. लावलं नाय.’ रागाने नव्हती म्हणाली. हवा कशी आहे ते सांगावं तशी म्हणाली. प्रमिला ते विसरली होती असं तिला वाटत होतं. नंतर मूल राहिलं नाही, दोनदा राहिलं नाही, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून ते वाक्य तिला एकदम आठवलं होतं, आणि तिने स्वतःलाच रागावलं होतं, काय गावंढळ विचार करतेस म्हणून.

ती मशीनवरून उठली, खाटेजवळ खाली बसली. आईने गुणगुणणं थांबवलं, चोरी पकडल्यासारखं. प्रमिलाने पाण्याचा तांब्या उचलला आणि आपण काय करतेय हे न कळताच हळदीच्या गाण्याची चाल लावली. शब्द तिला येत नव्हते. चालीवर तिने नुसतं म्हटलं, ‘पाणी.’ पा लांब, णी खाली आणत. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आईची छाती भरली. ‘पाणी,’ आई गायली. स्वच्छ, अख्खा शब्द. आईचा डावा हात लोंबकळणाऱ्या ओठाकडे गेला, तिथे कोण बोललं ते चाचपून पाहायला.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते हसले नाहीत. ‘होतं असं,’ ते म्हणाले, ‘बोलणं मेंदूच्या एका अंगाला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या. तिथून वाट निघते कधीकधी. म्हणत राहा.’ मग उन्हाळाभर त्या घरात हळदीच्या चालीवर पाणी मागितलं गेलं, भाकर मागितली गेली, खिडकी लाव म्हटलं गेलं. दुसरी कुठलीच चाल चालत नव्हती. प्रमिलाने शाळेतली प्रार्थना म्हणून पाहिली, मोबाइलवरची गाणी लावून पाहिली. आई ऐकायची, तिच्या तोंडून ता सुद्धा यायचा नाही. हळद मात्र चालायची. रमेश कामावरून आला की दारातूनच गायचा, ‘सासूबाई, जेवल्या काऽ’ आणि आई तोंडाच्या एका बाजूने हसायची. प्रमिलाला त्या दिवसांत बरं वाटत होतं, पण त्या बऱ्याच्या तळाशी काहीतरी टोचत होतं. जे गाणं तिच्या स्वतःच्या हळदीला कुणी म्हटलं नव्हतं त्याच्यावर आता ती आईचं भांडं उचलत होती, आईला कुशीवर वळवत होती.

तिचा भाऊ लहान्या ठाण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर होता. घरातलं शेंडेफळ, अजून बिनलग्नाचा. त्याच्यासाठी वावर गावाकडची एक मुलगी बघून ठेवली होती, पाऊस सरला की बोलणी करायची होती. तो सुट्टीला आला तेव्हा खाटेच्या कडेवर बसून आईच्या पायाला तेल लावत होता. आईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि कुणी न सांगता, कुणी चाल न लावता गायला लागली.

‘हळद आली कंच्या रानाची, लहान्या नवऱ्याच्या मानाची…’

गाण्यात नवऱ्याचं नाव घालायची जागा असते, तिथे तिने ते घातलं होतं. लहान्या कानापर्यंत लाल झाला. ‘आये, नवरी कुठाय पण? आधी नवरी तर आण,’ तो म्हणाला. आई पुन्हा तीच ओळ गायली. प्रमिला हसली, मग तिला दिसलं की लहान्या तेल लावायचा थांबला आहे आणि त्याच्या हातावरचे केस उभे राहिले आहेत. ‘बाय, माझ्या अंगावर काटा आला बघ,’ तो म्हणाला. ‘तिकडे साइटवर दिवसभर मशीन चालतं, संध्याकाळी कानात तेच. झोपलो तरी तेच. आज पहिल्यांदा कान मोकळा झाला.’ जाताना त्याने ते गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं. साइटवर त्याला पोरं नवरा म्हणून चिडवत, असं त्याने नंतर फोनवर सांगितलं.

फोन आला तेव्हा पाऊस ओसरायला लागला होता आणि ती बाजारात अस्तराचं कापड निवडत होती. मुकादमाचा आवाज होता. ‘लहान्या की बहन बोल रही हो? स्लॅब बैठ गया. आप लोग आ जाओ.’ तिने विचारलं, कुठल्या दवाखान्यात. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याच्या मागे कुठेतरी मशीन चालू होतं, एका लयीत, धडधड धडधड. काम थांबलं नव्हतं. ते तिच्या कानात जे शिरलं ते पुढे कित्येक दिवस निघालं नाही. कापड हातात धरून ती उभी होती आणि तिचा पाय त्या लयीवर आपोआप हलत होता, मशीनच्या पायट्यावर हलतो तसा. तिने त्याच्याकडे पाहिलं तरी तो थांबेना.

आईला सांगायचं कसं? बोलून सांगितलं असतं तर आईला समजलं असतं, डॉक्टर तसंच म्हणाले होते. पण उन्हाळ्यापासून त्या दोघींमध्ये सगळं चालीवरच बोललं गेलं होतं. प्रमिला खाटेपाशी बसली. लहान्या गेला. ते शब्द त्या चालीवर नीट बसले असते. तिने मनातल्या मनात बसवून पाहिले, ला लांब, गेला खाली आणत, आणि ती मोरीत जाऊन ओकली. परत येऊन तिने साध्या आवाजात सांगितलं, ‘आये, लहान्या गेला. स्लॅब पडला.’ आई तिच्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. रमेशने विचारलं, ‘कळलं का त्यांना?’ प्रमिला म्हणाली, ‘काय माहीत.’

रमेशने आपल्याच जीपमधून आईला पोशेऱ्याला नेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नागली पोटरीला आली होती. प्रमिला मागे आईला धरून बसली होती आणि आईच्या पाठीला तिचा खांदा टेकला होता. पाठ गार होती, शांत होती. दुपारी गाडी ठाण्याहून आली. लहान्याला अंगणात ठेवलं. चेहरा झाकला होता, म्हणजे चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. बायका रडत होत्या. त्यांच्याकडे रडणंही चालीवर असतं, एकीने नाव घेऊन हाक मारायची, बाकीच्यांनी हुंदका उचलायचा. प्रमिलाला ते येत नव्हतं. ती कोरडी उभी होती, आणि आजूबाजूच्या त्या रडण्याने तिच्या बरगड्या आतून ओढल्या जात होत्या, तरी डोळ्यांना पाणी येत नव्हतं.

चौघांनी आईला उचलून लहान्यापाशी बसवलं. आईने डावा हात त्याच्या छातीवर, कापडावर ठेवला. बायकांचं रडणं क्षणभर थांबलं, कारण आता आईची हाक यायची होती. आईची छाती भरली.

‘हळद आली कंच्या रानाची…’

आवाज जुना होता. लकव्याच्या आधीचा, मांडवातला, अख्ख्या पाड्याला ऐकू जाणारा. कुणी श्वास घेईना. एक कोंबडी अंगणातून चालत गेली तेवढीच. आई थांबली, जिथे थांबायचं असतं तिथे, आणि मागून शेपूट कुणी ओढलं नाही, म्हणून तिने ओळ पुन्हा टाकली. मग पुढची, ‘लहान्या नवऱ्याच्या मानाची.’ मग लोकांत कुजबुज उठली. एक म्हातारी पदर तोंडात कोंबून मागे सरली. कुणी पोरांना उचलून आत नेलं. लग्नाचं गाणं मढ्यावर. माघ्याकाका, पाड्यातला वडील माणूस, पुढे आला. ‘प्रमिला, तोंड धर तिचं,’ तो म्हणाला. ‘हिरी वेडी झाली. पोराचा जीव कुठं जायचा मग? धर तोंड!’ प्रमिला म्हणाली, ‘काका, तिला दुसरं येत नाय. डॉक्टर बोलला, दुसरं येतच नाय तिला.’ पण ते तिने इतकं हळू म्हटलं की तिचं तिलाच ऐकू आलं. आई गातच होती. सगळ्यांची तोंडं प्रमिलाकडे वळली होती. लेक तीच होती.

तिने खाली वाकून आईच्या तोंडावर हात ठेवला.

ओठ ओले होते. गाणं थांबलं नाही. ते तिच्या तळहातात आलं, बंद डब्यात माशी फिरावी तसं, मनगटात शिरलं, कोपरापर्यंत चढलं, आणि तिला कळलं की हे तेच आहे, पाठीतून यायचं ते, इतक्या वर्षांनी, आता हातातून. तिने हात काढायला हवा होता. तिने आणखी दाबला. तळहाताखाली आईचे दात लागले, नाकातून गरम श्वास बोटांवर आला. मग ओळीच्या मधेच, शब्दही पुरा न होता, ते बंद पडलं. हात तसाच होता. आई तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग होता का हे प्रमिलाने पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. राग नव्हता. आई तिच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीकडे बघावं तशी बघत होती.

बायकांनी रडणं पुन्हा उचललं. लहान्याला नेलं.

जव्हारला परतल्यावर प्रमिलाने चाल लावली, ‘पाणी.’ आईने हात पुढे करून तांब्या घेतला. तोंड उघडलं ते प्यायला. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. टीनाच्या नवऱ्याने गाडी विकली होती, प्रमिलाने मोबाइलवर शोधून तसे सूर वाजवले, आई भिंतीकडे तोंड करून राहिली. रमेश दारातून गायचा तेही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, दुःखाने होतं असं, वेळ द्या. तळहातात काहीतरी राहून गेलं होतं. कात्री धरताना, सुई ओवताना तिथे एक बारीक थरथर यायची, आणि ती हात पदराला पुसायची. लग्नसराईचे ब्लाउज आले होते. रस्त्यावरून वरात गेली, ढोलाचा ठोका भिंतीतून आत आला. तिने दार लावून घेतलं, कानांत कापूस घातला. ठोका पायातून यायचा, फरशीतून.

धाकली बाजाराच्या दिवशी आली. आता तीही पिकली होती. आईच्या उशाशी बसून तिने आईचे केस विंचरले, तेल घातलं, वेणी घातली. आई डोळे मिटून होती. निघताना धाकली उंबऱ्यात थांबली.

‘बाय, एक सांगू? काकी चुकली नव्हती.’

‘म्हणजे?’

‘तिला ठावं होतं. पोरगा बिनलग्नाचा चालला होता. तिनं लगीन लावलं त्याचं.’ धाकलीने डोळ्यांना पदर लावला. ‘मला कळलं होतं तवाच. मागची ओळ माझ्या तोंडात आली होती. लोकांना भ्याले. गिळली.’

‘तिला दुसरं गाणं येतच नाय,’ प्रमिला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. ‘तो आजार आहे, धाकली. पाणीसुद्धा ती त्याच चालीवर मागायची.’

‘व्हय,’ धाकली म्हणाली. ‘पण पाणी मागताना ती कधी चौकासमोर बसल्यासारखी बसत नव्हती. तू लहान होतीस, पाठीला चिकटलेली असायचीस. तुला तिचं बसणं कसं दिसणार?’

धाकली गेली. प्रमिला मशीनवर येऊन बसली, तिने दोरा ओवला, पाय पायट्यावर ठेवला. पाय हलला नाही. आजार होता तर तिने एका आजारी बाईचं तोंड दाबलं होतं. आजार नव्हता तर तिने एका मांडवात, लग्न लागता लागता, धवलेरीचं तोंड दाबलं होतं. दोन्हींतलं कुठलं हलकं हे तिला ठरवता येईना. आणि लहान्या कुठे होता? कुठल्या ओळीत अडकला होता, कुठल्या शब्दात?

ती उठली. खिडकीतून दुपारचं ऊन खाटेवर पडलं होतं, आईच्या नव्या वेणीवर. ती आईच्या मागे खाटेवर चढून बसली, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, आणि आईला उठवून, आपल्या गुडघ्यांचा आधार देऊन बसतं केलं. आईची पाठ तिच्यापुढे होती. केवढीशी पाठ, पोलक्याच्या आत हाडं मोजता येतील अशी. तिने तिला गाल टेकला.

‘आये,’ ती म्हणाली, साध्या आवाजात. ‘मी मागं बसलेय. मी ओढीन. तू टाक.’

आईने मान हलवली नाही. श्वास येत होता, जात होता. प्रमिलाने तोंड उघडं ठेवलं होतं. बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं. मग एकदा आईची पाठ भरली, खरंच भरली, नेहमीच्या श्वासापेक्षा मोठी, आणि प्रमिलाच्या पोटात तो खड्डा पडला, पायरी चुकल्यासारखा. तिने पाठीला गाल आणखी दाबला.

पाठ हळूहळू रिकामी झाली. आवाज आला नाही. मागच्या बाईला स्वतःची ओळ नसते, तिला पुढचीचं शेपूट लागतं. प्रमिला तशीच बसून राहिली, तोंड उघडं ठेवून.